सातव्या महिन्याचा चुडा

फरशीच्या सांधीत हिरव्या काचेचा तुकडा अडकला होता आणि अनसूयाबाईंची नजर तिथून हलत नव्हती. ओटी भरून घटकाही झाली नाही, आणि सुनेनं पोटुशा नणंदेचा चुडा वाढवला — छावणीतल्या साऱ्या बायकांदेखत, विचारणं नाही की सवरणं नाही. कुमुदिनीची बोटं काळीनिळी पडत होती म्हणे. पडतील नाहीतर काय... कासार एक माप मोठ्या बांगड्या काढत होता, तेव्हा त्यांनीच त्याला अडवलं होतं. आमच्या मुलींची मनगटं पूर्वापार नाजूक, साबण लावून चढव.

आणि ही शरयू. जनान्या इस्पितळातली नर्स. कुणी सुईण म्हटलं तर राग यायचा सोडून हसते. अडलेल्या, सुजलेल्या, दोनदोनदा कूस रिकामी झालेल्या बायका हिच्याच वॉर्डात. महाराजांचं राज्य होतं तोवर निदान पडद्याच्या टांग्यातून जायची. राज्य गेलं, पलटण मोडली, हिचा नवरा, आमचा जगदेव, घरी बसला आणि टांग्याचा पडदाही सुटला. आता मध्यभारतही मोडतोय, राजधानी भोपाळला जातेय, हिची बदलीही तिकडेच. सुटले एकदाची, असं परवाच देवापुढे म्हणून झालं होतं.

आतल्या खोलीत शरयूनं कुमुदिनीच्या पावलावर अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला, कणकेत राहावा तसा.

दारातून पाहणाऱ्या अनसूयाबाईंना विमल आठवली... त्यांची धाकटी जाऊ. तिचाही चेहरा असाच भरला होता, सगळ्या म्हणायच्या, काय तेज चढलंय. मग आठव्यात एका दुपारी डोळे फिरले, दातखीळ बसली, आणि किला गेटहून मांत्रिक आला, धूर झाला, लिंबं कापली, विमल गेली — तिच्या पावलाला मात्र कुणी बोट लावून पाहिलं नाही. आणि आज सकाळी पोरीला पाटावर बसवताना कोण म्हणालं, तेज चढलंय? मी. माझ्याच तोंडानं.

शरयू दारात आली. "आईसाहेब, डोकं ठणकतंय तिचं, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. झटके यायच्या आत न्यायला हवं. उज्जैनला मागाहून कळवू."

उज्जैनचे व्याही म्हणजे टपलेलेच. पहिलं बाळंतपण माहेरचं, बोलही माहेरालाच. पंगतीतून शेजारच्या सुमनताई म्हणाल्याच, भरल्या ओटीनं इस्पितळाची पायरी चढू नये. अनसूयाबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, गप्प जेवा म्हणाल्या, आणि स्वतःची शाल काढून लेकीच्या खांद्यावर टाकली.

टांगा उघडाच होता. सारी गल्ली बघत होती, बघू दे. शरयू कुमुदिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि नेहमीसारखी मान खाली घालून थांबली — बोलणी खाऊनच निघायचं, ही घरची रीत तिला पाठ होती. अनसूयाबाईंनी टांग्याच्या दांडीला हात घातला.

"शरयू," त्या म्हणाल्या, "दहा वर्षं झाली, या घराचं वळण काही तुला लागलं नाही. आता लावूनही घेऊ नकोस."