काचेचा डावा कोपरा

गुरुलिंगचा अंगठा पत्त्याच्या पानाच्या कोपऱ्यावरून सेकंदाला साधारण दोनदा फिरतो. हाती काही नसलं की फिरत राहतो. पान चांगलं आलं की थांबतो. चार वर्षं मी हे पाहत आलेय. त्या रविवारी दुपारी अंगठा थांबलेला होता.

आम्ही चौघं खेळतो. माझा नवरा सत्यम आणि त्याचा मित्र व्यंकट विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर पोकर शिकले आणि ते वेड नांदेडहून लातूरला घेऊन आले. गुरुलिंगचं उदगीरला आडतीचं दुकान. रविवारी तो येतो. आम्ही पैसे लावत नाही, चिंचोके लावतो. मी पॅथॉलॉजिस्ट. गाठीतून काढलेला तुकडा काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि गाठ साधी की कर्करोगाची ते सांगायचं, हे माझं काम.

"वहिनी बसल्या की मजा जाती," व्यंकट पानं वाटता वाटता म्हणाला. "ह्यांना थापच मारता येत न्हाई. चिंचोके पुढं सरकले की पान असतंयच."

"मग मी कशाला डोकं लावू?" गुरुलिंग म्हणाला. "वहिनी बोलल्या की पक्कं."

पक्कं हा त्याच्या आईचा, केवळाबाईंचा शब्द. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्या लॅबमध्ये माझ्यासमोर बसून म्हणाल्या होत्या, "साधी गाठ हाय म्हणता, पक्कं ना बाई?" मी म्हणाले, पक्कं. आठवड्यानं त्यांनी पांढऱ्या धडप्यात बांधून तीळ लावलेले धपाटे पाठवले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्या गेल्या.

त्यांच्या तेराव्यानंतर मी कपाटातून त्यांच्या गाठीची काच काढली. क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. मधला भाग साधाच होता. खालच्या डाव्या कोपऱ्यात मात्र गडद, एकमेकींवर चढलेल्या चाळीस-पन्नास पेशी होत्या. तो कोपरा मी तेव्हा बघितलाच नव्हता. अकरा वर्षांत माझा एकही रिपोर्ट चुकला नव्हता आणि ती गाठ मला पाहताक्षणी ओळखीची वाटली होती.

तेव्हापासून पांढरं काहीही दिसलं की त्याच्या डाव्या कोपऱ्यात मला त्या पेशी दिसतात. भाताच्या ताटात, उशीच्या अभ्र्यावर. डोळे तपासून घेतले. डोळ्यांत दोष नाही. कधी बंद लॅब उघडताना भाजलेल्या तिळाचा वास येतो. ते धडपं अजून माझ्याकडेच आहे.

गुरुलिंगला यातलं काही माहीत नाही. तो दर दोन-चार रविवारांनी एकच सांगतो: "आई म्हणत होती गाठ वाढलीय. मी म्हणलो, वहिनींनी बघितलंय, सोयाबीनचा सीझन जाऊ दे. माझ्यामुळं गेली ती." दर वेळी मी चहा टाकायला उठते. सांगायचं मी ठरवलं होतं. चौदा महिने ठरवत होते.

मध्ये पाच पानं उघडी होती. इस्पिकचा राजा, किलवरची तिर्री, आणि बदामाच्या राणी, नव्वी, चौकी. ज्याच्या हातात आणखी दोन बदाम, त्याचा कलर. माझ्या हातात किलवरची सत्ती आणि चौकटची दुर्री होती. म्हणजे काहीच नव्हतं.

मी सगळे चिंचोके पुढे सरकवले. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. तो माझ्यावर अजून किती विसंबतो, ते बघायचं असावं.

"पॅक," व्यंकट म्हणाला. सत्यमनंही पानं टाकली.

गुरुलिंगचा अंगठा हळूहळू फिरू लागला. तो पानांकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कलर हाय का वहिनी?"

"आहे."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हणाले. आवाज जूनमधला होता, शांत, जराही न हललेला.

"मग पॅक." त्यानं पानं उलटी करून दाखवली. दोन राजे. मधला धरून तीन.

"अय येड्या! तीन राजे टाकलास?" व्यंकट ओरडला.

"वहिनी पक्कं म्हणल्यावर काय बघायचं ऱ्हातंय?" गुरुलिंगनं चिंचोक्यांचा ढीग माझ्याकडे लोटला. ढीग सरकला तशी खालची पांढरी चादर उघडी पडली. तिच्या डाव्या कोपऱ्यात त्या पेशी होत्या. मी डोळे मिटले नाहीत.

मी माझी पानं उलटी केली.

व्यंकटनं मांडीवर थाप मारली. "सत्ती-दुर्री! सत्यम, बायको बिघडली रे तुझी!"

गुरुलिंगही हसला, मान हलवत, मनापासून. "लई भारी फसवलं वहिनी. तुम्ही असं करताल असं वाटलं न्हवतं."

सत्यम चहाला उठू लागला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"गुरुलिंगभाऊ," मी म्हणाले, "आईंची गाठ पहिल्या दिवसापासून कर्करोगाचीच होती. माझ्या काचेवर ती दिसत होती. मी नीट न बघता पक्कं म्हणाले. उशीर तुमच्यामुळं झाला नाही, माझ्यामुळं झाला."