सात कोंबड्या आणि एक ओला पडदा

मित्रांनो, मी एक जुना गवती पडदा आहे, आणि आज माझ्या अंगात उत्साह मावत नाही! माझ्या कडा झडल्या आहेत, मधल्या दोन वेण्या उसवल्या आहेत, एका कोपऱ्याला मांजराने नखे लावून ठेवली आहेत. तरीही सांगतो, मी सात जीव वाचवले आहेत! बरे, एकट्याने नाही. कासिल्दाने आणि मी मिळून. शेजारीपाजारी तिचेच नाव घेतात, माझे कोणी घेत नाही, म्हणून म्हटले आपणच सांगावे.

माझा जन्म डोंगरउतारावरचा. तिथे एस्पार्तो नावाचे चिवट गवत उगवते. इल्देफोन्सो नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला उपटले, वाळवले, महिनाभर ओढ्याच्या डबक्यात बुडवून ठेवले आणि मग दगडावर ठेवून लाकडी मोगरीने असे बडवले की विचारू नका! त्यानंतर त्याने माझ्या लांब लांब वेण्या घातल्या आणि त्या एकमेकींना शिवून पडदा केला. "ऊन खायला जन्मलास, आता उन्हालाच अडव," असे तो मला म्हणाला. माझ्या आयुष्यातला तो पहिला आशीर्वाद.

कासिल्दाने मला तिच्या लग्नाच्या वर्षी घेतले आणि रस्त्याकडच्या सज्जावर टांगले. ते माझे वैभवाचे दिवस! दुपार चढली की ती माझ्यावर लोटाभर पाणी शिंपडायची. बाहेरून कढत वारा यायचा, माझ्या ओल्या अंगातून गाळून जायचा आणि आत गेला की गार झालेला असायचा. ओल्या गवताचा वास रस्ताभर दरवळायचा. जाणारी येणारी माणसे माझ्याखाली क्षणभर थांबून घाम पुसायची. एकतीस उन्हाळे मी असा मानाने लोंबलो, आणि खरे सांगतो, मला गर्व झाला होता.

मग कासिल्दाच्या मुलीने शहरातून येऊन एसी बसवला. "आई, हे जुनाट लक्तर काढ आता," असे म्हणून तिने मला गुंडाळून कचऱ्याच्या डब्याशेजारी उभे केले. गंमत अशी, की मुलगी परत गेल्यावर कासिल्दाने ते यंत्र एकदाही लावले नाही. त्याच्या घरघरीने तिला झोप येत नाही. पण मी तोवर रस्त्यावर आलो होतो.

तिथून मला उचलले एवारिस्तोने. तो कासिल्दाचा भिंतीला भिंत लागलेला शेजारी. सत्तरी ओलांडलेला, बिनलग्नाचा, कोंबड्यांवर जीव टाकणारा माणूस.

"काय गं कासिल्दा, हा टाकतेस? अजून दहा उन्हाळे काढील की!"

"ने बाबा ने. फुकटचं दिसलं की तुझ्या गुडघ्यातली दुखणी कशी पळतात बघ!"

त्याने मला रस्त्याला फाटक असलेल्या आपल्या परसातल्या खुराड्यात नेले, गुंडाळी करून छपराखालच्या दांडीवर टाकले आणि विसरून गेला, तो तब्बल अकरा वर्षे. आता बघा, कुठे तो सज्जा आणि कुठे हे खुराडे! कोंबड्या माझ्या अंगातल्या काड्या ओढायच्या, खाली काय घाण करायच्या ते सांगत नाही. मार्केसा नावाची एक काळीभोर कोंबडी तर माझ्या टोकावर बसूनच झोपायची. मला त्यांचा मनापासून राग यायचा.

आता जे सांगतो ते नीट ऐका. गेल्या उन्हाळ्यात एवारिस्तोकडे अकरा कोंबड्या होत्या. आमच्या गावची रीत अशी, की सकाळी दहाच्या आत दारे, खिडक्या, झडपा, सगळे घट्ट लावून घ्यायचे आणि सूर्य कलला की उघडायचे. चुन्याने पांढऱ्या केलेल्या, हातभर जाड भिंतींच्या घरात त्यामुळे दिवसभर गारवा राहतो. लहान मूलसुद्धा हे जाणते. जुलैत ऊन फार वाढले तेव्हा एवारिस्तोने कोंबड्यांवरच्या मायेपोटी तेच केले. खुराडे घट्ट बंद केले आणि चौकातल्या बारमध्ये डॉमिनो खेळायला गेला. पण खुराड्याला कुठल्या आल्या जाड भिंती? बाजूला फळ्या, वर पत्रा. घर झाकले की गार राहते, पत्रा झाकला की भट्टी होते! तो परत आला तेव्हा चार कोंबड्या गेल्या होत्या.

तो खुराड्यातच बसून रडला. मी पाहिले. मग त्याने त्या चौघींना अंजिराखाली पुरले, तोंड धुतले आणि बारमध्ये जाऊन सांगितले, "कोल्हा आला होता."

लाज वाटली असणार त्याला. साठ वर्षे कोंबड्या पाळलेला माणूस! पण खोटे बोलले की त्याला पाय फुटतात. कोणी त्याला सापळा आणून दिला, कोणाला तो कोल्हा ओढ्याकाठी दिसला, कोणाला त्याची शेपटी दिसली. महिन्याभरात तो कोल्हा कुत्र्याएवढा झाला! खरे ठाऊक होते फक्त मला आणि उरलेल्या सात कोंबड्यांना, आणि आम्हाला कोण विचारतो?

यंदा जूनमध्ये एवारिस्तो पायरीवरून पडला. खुब्याचे हाड मोडले. कोर्दोबाच्या इस्पितळात न्यायला गाडी आली, तेव्हा सगळा रस्ता दारात उभा होता. तो पडल्या पडल्या एकच बोलत होता.

"माझ्या कोंबड्या... कोण बघणार गं त्यांना?"

कासिल्दा पुढे झाली. "मी आहे ना! सात ठेवून चाललायस, सातच मिळतील. लिहून देऊ का?"

"आणि कोल्हा?"

"येऊ दे मेल्याला. माझा खराटा त्याचीच वाट बघतोय."

सगळे हसले. एवारिस्तो मात्र हसला नाही. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडले होते, मी खुराड्याच्या फटीतून पाहिले आहे. पण इतक्या लोकांसमोर त्याला ते जमले नाही, आणि गाडी निघून गेली.

कासिल्दाचा शब्द म्हणजे शब्द. ती रोज सकाळी गहू आणायची, पाणी बदलायची, आणि "सात!" असे मोठ्याने म्हणून परत जायची. तीन आठवडे सुरळीत गेले. आणि मग तो दिवस आला. रेडिओवर म्हणाले, आज सेहेचाळीस अंश.

सकाळी नऊलाच कासिल्दा आली. खुराड्याचे दार तिने बंद केले. मग तिने खिडकीची झडप लावली. मग हातातल्या जुन्या चिंध्या काढून ती फळ्यांच्या खालच्या फटी बुजवू लागली!

"ऊनही नको आणि तो कोल्हाही नको," ती कोंबड्यांना सांगत होती. "झोपा आता निवांत. पाच वाजता उघडते."

नको, कासिल्दा! कोल्हा नाहीच! मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे? आत काळोख झाला.

बाराला पत्रा तडतडू लागला. एकला मला माझ्याच अंगाचा करपट वास येऊ लागला. खाली कोंबड्यांनी चोची वासल्या होत्या, पंख अंगापासून दूर धरले होते, गळे धडधड उडत होते. मातीच्या भांड्यातले पाणी इतके कढत झाले होते की एकीने चोच घातली आणि मागे घेतली. त्या कलकलाट करीत होत्या, मग कुरकुर करू लागल्या, आणि मग गप्प झाल्या. मार्केसा माझ्या खालीच एका कुशीवर कलंडली. जिचा मी वर्षभर राग केला होता, तिच्यासाठी माझा जीव कासावीस झाला.

आणि मित्रांनो, त्या गप्प होण्यानेच वाचवले! भिंतीपलीकडे कासिल्दा दुपारची आडवी झाली होती. इतक्या वर्षांत तिला कोंबड्यांची कुजबुज ऐकत झोपायची सवय लागली होती. ती थांबली आणि कासिल्दाला जाग आली. सपातांची फटफट ऐकू आली, कडी वाजली, दार उघडले!

तोंडावर वाफ येताच ती मागे सरली. "देवा! अगं बाई गं, मी काय करून बसले!"

ती शहात्तर वर्षांची बाई, पण काय धावली! एकेक कोंबडी काखेत मारून तिने अंजिराच्या सावलीत नेली. मार्केसाची मान तिच्या हातावर लोंबत होती. विहिरीचे पाणी घमेल्यात ओतून तिने मार्केसाला पाय बुडतील एवढ्या पाण्यात धरले. एकदम अंगावर ओतले नाही, पाय आधी, मग तुऱ्यावर ओले बोट. पण वारा! तो मेला वारा वणव्यातून आल्यासारखा सावलीतही घुसत होता. बाकीच्या सहाजणी तशाच धापा टाकत होत्या. कासिल्दाने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि उघड्या दारातून तिची नजर वर, माझ्यावर पडली.

"अरे! तू इथं आहेस होय!"

तिने मला खसकन ओढले. धूळ, पिसे, कोळ्याची जाळी, सगळे तिच्या डोक्यावर. अंजिराच्या फांदीला तिने मला दोरीने बांधले आणि बादली घेतली. एक बादली! दुसरी! तिसरी! अकरा वर्षांनी पाणी माझ्या वेणीवेणीत शिरले! मी फुगलो, ताठलो, माझा तो जुना वास सुटला. ये म्हटले वाऱ्याला, ये आता! तो आला, माझ्यातून गाळला गेला आणि पलीकडे गार होऊन पडला. कोंबड्यांनी माना वळवल्या. एक सरकली, दुसरी सरकली. सहाही जणी माझ्या पायाशी ओल्या मातीत पोट टेकून बसल्या.

सातवी मात्र हलत नव्हती.

"मार्केसा, उठ गं माझे राणी," कासिल्दा रडत म्हणत होती. "मी त्याला काय तोंड दाखवू? उठ, हवं तर मला चोच मार, पण उठ."

किती वेळ गेला कोण जाणे. मग मार्केसाचा एक डोळा उघडला. तिने मान उचलली, इकडेतिकडे पाहिले आणि माझी एक काडी खसकन उपटली! आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता. उपट बाई, म्हटले, दहा उपट!

त्या दिवसापासून दार दिवसभर उघडे, फक्त जाळी लावलेली. पत्र्यावर चुना फासला. दुपारी गार टरबुजाची साले. आणि मला दिवसातून तीनदा अंघोळ!

दहा दिवसांनी एवारिस्तो कुबडी टेकत घरी आला. संध्याकाळ होती, सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या दारात आणल्या होत्या. परसाचे फाटक उघडून त्याने सगळ्यांदेखत मोजल्या. सात.

"सात!" तो ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "अगं कासिल्दा, तू तर माणूस नव्हेस, कोंबडीच आहेस!"

तिने जे केले होते ते कोणीही पाहिले नव्हते. त्या वेळी सगळे गाव झोपलेले होते. ती गप्प राहिली असती तर जन्मभर मान मिळाला असता. पण ती खुर्चीवरून उठली.

"टाळ्या नकोत. मी त्यांना कोंडलं होतं. घर बंद करतो तसं खुराडं बंद केलं, तुझ्या कोल्ह्याच्या भीतीनं फटीसुद्धा बुजवल्या. अजून घटकाभर झोपले असते, तर सातही गेल्या असत्या. मला तुला फसवायचं नाही."

मी फांदीवर थरथरत होतो, आणि वारा अजिबात नव्हता. एवारिस्तोने कासिल्दाकडे पाहिले, मग अंजिराखालच्या मातीकडे पाहिले.

"कोल्हा नव्हता," तो म्हणाला. "कोल्हा कधीच आला नाही, कासिल्दा. मीच कोंडल्या होत्या. चार. मी तेव्हा बोललो असतो, तर तू हे केलं नसतंस."

कोणी हसले नाही, कोणी त्याला बोल लावला नाही. कासिल्दाने एवढेच म्हटले, "बस आधी. उभा राहू नकोस त्या पायावर." आणि आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच दुपार. घरांची दारे रीतीप्रमाणे बंद. पण बाराच्या सुमाराला पलीकडच्या परसात एका खुराड्याची कडी निघाली. मग खालच्या अंगाला दुसरी. मग आणखी तीन! गेल्या वर्षी म्हणे त्यांच्याकडेही कोल्हा आला होता.

मित्रांनो, कोंबड्यांना घाम येत नाही, त्या तक्रारही करीत नाहीत. त्यांना सावली द्या, गार पाणी द्या, वाहता वारा द्या, आणि माझ्यासारखा एखादा म्हातारा अडगळीत पडला असेल तर त्याला भिजवून टांगा. पण सर्वांत आधी, तुमच्या हातून काही चुकले असेल तर ते आजच शेजाऱ्याला सांगा. त्याच्या कोंबड्या अजून जिवंत आहेत.