गार इंजिनाचा आवाज

धाकट्याने वापरलेला ऑइल फिल्टर व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि कडेकडेने करवत फिरवायला सुरुवात केली. पत्र्याचा डबा कुरकुरला, मग फटीतून काळं तेल ओघळून खालच्या परातीत ठिबकू लागलं. गाडीच्या मालकीणबाई शाळेत शिकवायच्या. त्या पर्स छातीशी धरून दोन पावलं मागे सरकल्या.

"अहो, नवा कुठला घालायचा एवढंच विचारलं मी. त्यासाठी ही चिरफाड?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, बाई. बघाच."

हे वाक्य थोरल्याचं होतं. फिल्टर फाडून दाखवायची पद्धतही त्याचीच. गिऱ्हाईक स्वस्त-महाग करू लागलं की थोरला वाद घालायचा नाही. एक स्वस्तातला आणि एक महागातला असे दोन जुने फिल्टर फाडायचा, आतला घड्यांचा कागद टेबलावर पसरायचा आणि चिंध्यांना हात पुसत बाजूला उभा राहायचा. आसपासच्या एकाही गॅरेजात हा उद्योग चालत नसे. लोक हसायचे, पण पुढच्या खेपेला गाडी घेऊन तिथेच यायचे.

आता थोरला नव्हता आणि परात, करवत, वाक्य सगळं धाकट्याच्या वाट्याला आलं होतं.

त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी अंथरले. महागातल्याच्या घड्या दाट आणि एकसारख्या, टोकांना लोखंडी झाकणं. स्वस्तातल्याच्या घड्या विरळ, मधेच एकमेकींना चिकटलेल्या, टोकांना नुसता पुठ्ठा. मग त्याने दोन्हींच्या तोंडाशी असलेल्या रबरी चकत्या काढून तळहातावर घेतल्या. महागातल्याची मऊ होती, दाबली तरी पुन्हा वर यायची. स्वस्तातल्याची कांद्याच्या सालीसारखी वाळून कडक झाली होती.

"ही चकती म्हणजे दार समजा. गाडी बंद केली की फिल्टरमधलं तेल मागे उतरू नये म्हणून असतं. स्वस्तातल्याचं दार नवं असतानाही नीट मिटत नाही, रात्रभरात तेल सगळं खाली. मग सकाळी गार इंजिन सुरू केलं, की तेल वर चढेपर्यंत ते कोरडंच फिरतं. खडखडतं."

"म्हणजे महागातलाच घालायला हवा."

"दादा असता तर तेच म्हणाला असता," धाकटा म्हणाला. "मी म्हणतो स्वस्तातला घाला आणि वेळच्या वेळी बदला. ते खडखडणं क्षणभराचं. माणसाच्या कानाला कळतसुद्धा नाही."

बाईंनी स्वस्तातला घेतला. 'बघ, पटलं की नाही?' असं म्हणायला धाकटा सवयीने दाराजवळच्या स्टुलाकडे वळला आणि तिथल्या तिथे थांबला. स्टूल रिकामंच होतं. त्यावर कोणी बसत नसे आणि ते उचलून आत ठेवायचं धाडसही कोणाला झालं नव्हतं.

या एका गोष्टीवरून दोघा भावांनी जन्मभर डोकी फोडून घेतली होती. थोरला म्हणायचा, इंजिन बोलून दाखवत नाही म्हणून त्याला उपाशी ठेवायचं का? धाकटा म्हणायचा, सोन्याची सुरी असली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही. शेवटच्या दिवशीही हाच वाद झाला. थोरला हसत हसतच म्हणाला, "तुझ्या हाती माझी गाडी कधी द्यायची नाही." धाकट्याला राग आला. त्याने पाठ फिरवली, रेडिओचा आवाज वाढवला आणि एका गाडीखाली शिरला. मागे थोरला स्टुलावर बसून काहीतरी बोलत होता. काय बोलत होता ते धाकट्याने ऐकलं नाही. बाहेर आला तेव्हा थोरल्याची मान भिंतीला टेकलेली होती आणि रेडिओवर बाजारभाव चालू होते.

ते न ऐकलेलं बोलणं धाकट्याच्या डोक्यातून जात नव्हतं. कधी वाटायचं, पाना मागितला असेल. कधी वाटायचं, हाक मारली असेल.

बाईंची गाडी गेली आणि फोन वाजला. वहिनीच होती.

"भाऊजी, आज पहाटे पुन्हा सुरू केली ह्यांनी."

धाकट्याने डोळे मिटले. "वहिनी, गाडीची किल्ली माझ्याकडे आहे."

"ते मला माहीत आहे. मी सांगायचं म्हणून सांगितलं."

गेले कित्येक दिवस हे असंच चाललं होतं. पहाटे अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधून थोरल्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो, थोडा वेळ इंजिन चालतं आणि बंद होतं, असं वहिनी सांगायची. ती घाबरलेली नव्हती, हेच सगळ्यात वाईट होतं. तिची मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती, ती आईला घेऊन जायला दोनदा आली आणि दोनदा रिकाम्या हातांनी परत गेली. 'पहाटे हे येतात आणि मी घराला कुलूप लावून जाऊ?' वहिनीचं एवढं एकच उत्तर. शेवटी मुलीने काकाला गळ घातली: गाडी विका, गाडी गेली की आई निघेल. एकटी बाई, जेवणाची शुद्ध नाही, दिवसभर बसून पहाटेची वाट बघते. धाकट्यालाही ते बघवत नव्हतं. त्याने गिऱ्हाईक शोधलं, गाडीचं तेल बदललं आणि स्वस्तातला फिल्टर बसवला. विकायच्या गाडीला महागडा कोण घालतो? तरी फिल्टर पिळताना त्याने एकदा खांद्यावरून मागे पाहिलंच.

गिऱ्हाईक सकाळी गाडी बघायला येणार होतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी धाकटा वहिनीकडे मुक्कामाला गेला. आपण सोबत बसू, काही नाही हे तिच्याच कानांनी तिला पटेल, असा त्याचा हिशेब.

पहाटे वहिनीने त्याला उठवलं. स्वयंपाकघराची खिडकी शेडच्या बाजूला होती. तिने दिवा लावला नाही. दोन कप चहा ओट्यावर ठेवला आणि खिडकीशी स्टूल ओढून बसली. केस नीट विंचरलेले, पदर खांद्यावरून घेतलेला. कोणीतरी यायचं म्हणून तयार झालेल्या माणसासारखी ती दिसत होती.

बाहेर उजाडायला लागलं होतं. शेडचा पत्रा थंडीने एकदा कुठेतरी टचकन वाजला.

"वहिनी, तो पत्रा—"

तिने हात वर केला. तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, लग्नाच्या फोटोत होतं तसं.

धाकट्याने कान टवकारले. त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला, नळाचं ठिबकणं ऐकू आलं. बाकी काही नाही.

"मला तर वहिनी, काहीच—"

"शू."

ती तशीच बसून राहिली. मग तिने हात खाली घेतला आणि चहाचा कप उचलला.

"बंद केली," ती म्हणाली. "ऐकलंत ना? किती अलगद सुरू होते. सेल्फ मारला की लगेच लोण्यासारखी. एवढीसुद्धा खडखड नाही."

धाकट्याचा कप हातातल्या हातात राहिला.

तो उठून अंगणात गेला. शेडचं कुलूप जसंच्या तसं होतं. ते काढून त्याने बॉनेटवर तळहात ठेवला तर ते बर्फासारखं गार. काचेवरची धूळ तशीच होती आणि तिच्यावर एका बोटाचाही माग नव्हता. हे सगळं अपेक्षितच होतं. पण तो तिथे उभा राहिला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. या गाडीत आता त्याने स्वतः बसवलेला फिल्टर होता. रात्रभर उभी राहिली की ही गाडी अलगद सुरू होणं शक्यच नव्हतं. वहिनीला जी ऐकू आली ती ही गाडी नव्हती. ती दादाच्या हातची गाडी होती.

आत जाऊन हे तिला सांगावं, की तुम्हाला भास होतो आणि माझ्याकडे त्याचा पुरावा आहे? एवढं एक वाक्य बोललं की प्रश्न मिटला असता. पण त्याला ते वाक्य ओठांवर आणवेना. खरं सांगायचं तर त्याला वहिनीचा हेवा वाटत होता. सख्ख्या भावाच्या शेजारी अर्धं आयुष्य काढलं आणि भाऊ आला तर तिच्याकडे. गॅरेजात दादाने कधी साधं स्टूलही हलवलं नाही.

ऊन अंगणात आलं तेव्हा गिऱ्हाईक आलं. एका दवाखान्यातला तरुण कंपाउंडर होता, नवं लग्न झालेला. बायकोला पहिल्यांदा फिरायला न्यायची घाई त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. त्याने टायरला लाथ मारून बघितली, कारण सगळे मारतात.

"सुरू करून दाखवा की."

धाकटा आत बसला. सीट दादाच्या उंचीप्रमाणे मागे सरकवलेली होती. पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचत होते. त्याने किल्ली फिरवली.

गाडी खडखडली. डब्यात खिळे भरून हलवावेत तसा कोरडा आवाज पत्र्याच्या शेडमध्ये दुप्पट होऊन घुमला आणि मग तेल वर चढलं तसा विरून गेला. क्षणभराचाच होता.

"हे काय वाजलं?" कंपाउंडर म्हणाला.

धाकट्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर वहिनी ओल्या हातांनी दारात आली होती. ती गाडीकडे बघत राहिली. पायऱ्या उतरून जवळ आली, पुढून बघितलं, बाजूने बघितलं. नंबर तोच, दारावरचा ओरखडा तोच.

"भाऊजी, ही कुणाची गाडी?"

"वहिनी, असं काय करता? दादाचीच आहे."

"नाही." तिने मान हलवली. ती रागावलेली नव्हती. "ह्यांची गाडी अशी ओरडत नाही. ही वेगळी आहे. यांना हवी असेल तर देऊन टाका."

कंपाउंडर एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. धाकट्याने इंजिन बंद केलं आणि त्याला फिल्टर बदलून देईन, आवाज राहणार नाही, असं सांगितलं. तो खूश झाला. संध्याकाळी बायकोला घेऊन येतो म्हणाला आणि फाटक ओढून निघून गेला.

वहिनी पायरीवर बसली. पदराने हात पुसू लागली.

"आता मुलीकडे गेले तरी हरकत नाही," ती म्हणाली. "मी उगाच अडून बसले होते. मला वाटत होतं हे या शेडमध्ये येतात. गाडी तर त्यांच्याजवळच आहे. मी असेन तिथे येतील."

सगळं मनासारखं झालं होतं. गाडी विकली गेली, वहिनी जायला तयार झाली, पुतणीला फोन करून सांगितल्यावर तीही आनंदाने रडणार होती. धाकट्याने फोन हातात घेतला आणि परत खिशात ठेवला. दादा जिथे येतो असं जगात एकच ठिकाण होतं, वहिनी गेली की तेही जाणार होतं.

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला. नखांतली काळी मळी दुसऱ्या नखाने काढत राहिला.

"वहिनी, तुम्ही लगेच आजच निघणार नाही ना?"

"छे. आवराआवर व्हायची आहे अजून."

"मग उद्या पहाटे मी पुन्हा येऊ?"

"कशाला? गाडी विकली ना आता?"

धाकट्याने नखं कोरणं थांबवून शेडकडे पाहिलं. वहिनीने त्याचा चेहरा बराच वेळ निरखला आणि मग तिचा आवाज मऊ झाला.

"या," ती म्हणाली. "पण बोलू नका, भाऊजी. तुम्ही मधे बोलता ना, म्हणून तुम्हाला त्यांचं ऐकू येत नाही."

त्याने मान डोलावली. तोंडातून शब्द काढला नाही.