कोरडा पोचलो, हाच माझा गुन्हा

मी सोलापूरचा टॉवेल बोलतोय. पांढरा, जाड, काठाला निळी पट्टी असलेला. आमच्या जातीचं आयुष्य पाणी टिपण्यात जातं. माझं मात्र कोरडं राहण्यात गेलं, आणि कोरडा राहिलो म्हणूनच माझ्या मालकांच्या हाती काही लागलं नाही. ऐकायला विचित्र वाटेल. मलाही ते अजून पचलेलं नाही.

अक्कलकोट रोडवर मृत्युंजय यांचा छोटा कारखाना आहे. तिथल्या मागावर मी जन्मलो. परदेशातल्या एका पोहण्याच्या क्लबाला शंभर वर्षं होणार होती. समारंभाला तलावातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर आमच्यातला एकेक जण पडणार होता. म्हणून माझ्या निळ्या पट्टीत त्या दिवसाची तारीख विणली होती. तिचा मला केवढा तोरा! तारीख विणलेलं कापड शिळंही होतं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

माल खोक्यांत भरला त्या दिवशी मालकीणबाई, नीलम्मा, रिक्षातून कारखान्यात आल्या. त्या बऱ्याच महिन्यांपासून आजारी होत्या. पण लांब जाणाऱ्या मालाच्या पहिल्या खोक्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची, ही त्यांच्या घरची रीत, आणि ती त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिली नव्हती. त्या खोक्यात सगळ्यात वर मी होतो. त्यांनी पांढरी विभूती ओढली. रेघा वाकड्या आल्या.

तेवढ्यात विम्याचं काम बघणारा नंदीश आला. तो नात्यातला, मालकांना काका म्हणणारा.

"काका, माल भिजला, जळला, हरवला तर पॉलिसीत हाय," तो म्हणाला. "पण उशीर झाला आन त्यापायी जादा खर्च पडला, तर ते बसत न्हाय. त्याचं वेगळं कव्हर घ्यायला लागतंय."

मालकांना ते टोचलं. त्यांनी उभ्या जन्मात कोणाला माल उशिरा दिला नव्हता. उशीर म्हणजे आपल्या शब्दावर घेतलेला संशय, असंच त्यांना वाटलं.

"मी काय लग्नसराईतला शिंपी हाय व्हय, उशीर करायला?"

"इरली, घ्या की," नीलम्मा म्हणाल्या. इरली म्हणजे असू दे. थकल्या की त्या कानडीत बोलत. "समुद्र काय तुमच्या घड्याळावर चालतोय?"

मालक हसले. कव्हर काही घेतलं नाही.

आणि समुद्र खरंच त्यांच्या घड्याळावर चालला नाही. नेहमीची वाट लढाईमुळं धोक्याची झाली होती, म्हणून आमचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून निघालं. मधल्या एका बंदरात आमचा कंटेनर उतरवून ठेवला, दुसरं जहाज येईपर्यंत. तिथं पडून राहण्याचं भाडं, पुन्हा चढवण्याचा खर्च, सगळं मालकांच्या माथी. मी अंधारात घडी होऊन पडलो होतो आणि माझी तारीख जवळ येत होती. मग ती आली. मग गेली.

पोचलो तेव्हा समारंभ आटोपला होता. क्लबानं माल नाकारला. विम्याकडून एक सर्वेअर आला. त्यानं हातमोजे घालून मला दाबलं, उलटंपालटं केलं, वासही घेतला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, पट्टीवरची तारीख वाचा! त्यानं समाधानानं मान हलवली. माल धड आहे, कोरडा आहे, पहिल्या खोक्यावर बाहेरून पांढरा डाग आहे, एवढंच लिहून तो गेला. माझ्या भावंडांना एका गाड्या धुणाऱ्यानं पडत्या भावात नेलं. मालकांनी कळवलं, पहिलं खोकं तेवढं परत पाठवा.

सोलापुरात खोकं उघडलं ते जिथं भरलं होतं त्याच टेबलावर. समोर भिंतीवर नीलम्मांचा फोटो होता, हार घातलेला. मी समुद्रात असतानाच त्या गेल्या होत्या. शेवटपर्यंत विचारायच्या म्हणे, "पोचलं का खोकं?"

भरपाई मिळाली नाही तर दोन माग विकायचे, असं ठरलं होतं. नंदीशनं कंपनीकडं चकरा मारल्या. तिथं एकच उत्तर: माल धड आहे, मग नुकसान कशाचं? एक दिवस तो रिपोर्ट घेऊन आला आणि आवाज उतरवून बोलला.

"काका, ह्यात पांढरा डाग लिहिलाय. ओल लागून बुरशी आली म्हणू. खोकं तुमच्याच ताब्यात हाय, आतले टॉवेल थोडे भिजवले की झालं. सगळं न्हाय, पण माग तरी वाचतील."

मालक खोक्यावरच्या वाकड्या रेघांकडं बघत राहिले. मी वाट बघत होतो. खोटं का असेना, भिजायला मी तयार होतो.

"बुरशी न्हाय ती," ते म्हणाले. "तुझ्या काकूची बोटं हायत."

नंदीशनं रिपोर्टची घडी केली आणि खिशात घातली.

माग गेले. आता कारखान्याच्या आवाजात दोन मागांचं भोक ऐकू येतं. लोक मालकांना भेटतात, तब्येत चांगली ठेवलीय म्हणतात. तेही माझ्यासारखेच, बाहेरून धड. तपासणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. एखादा कोरडा, बिनडागाचा दिसला, तरी एकदा विचारा, तुम्हाला कुठं पोचायचं होतं?

काल संध्याकाळी कामगार गेल्यावर मालकांनी नळावर तोंड धुतलं आणि खोक्यातून मला काढलं. बराच वेळ त्यांनी मला चेहऱ्यावरून बाजूला केलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी माझं काम करत होतो. नळाचं पाणी कधीच टिपून झालं होतं. तरी मी भिजतच होतो.

मग त्यांनी मला दोरीवर वाळत घातलं, तारखेची पट्टी आतल्या बाजूला करून.