श्रद्धांजलीत व्यत्यय

त्या सकाळी थोरलीनं नेहमीप्रमाणे नवऱ्याचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले आणि नेहमीप्रमाणेच सासूबाई म्हणाल्या, "अगं, साबण किती घालतेस? माझ्या नवऱ्याच्या कपड्यांचा वास जन्मात गेला नाही, तुझ्या नवऱ्याच्या कपड्यांचा काय जाणार?"

थोरली हसली आणि आणखी थोडा साबण घातला.

तिचा नवरा शहराची गटारं साफ करायचा. त्याचा बापही तेच करायचा, आजाही तेच. रस्त्यावरचं झाकण उचलायचं, कमरेला दोर बांधायचा आणि आत उतरायचं. अशा घरांना दुसरं काम कोणी देत नसे, आणि दुसरं काम केलेलं नसल्यामुळे ती त्या कामाला नालायक ठरत. शहाण्यासुरत्या माणसांनी बसवलेली घडी होती ती, सहजासहजी मोडणारी नव्हती.

या लोकांत एक रीत होती. वर दोर धरायला घरचाच माणूस लागे. भाऊ चालेल, चुलता चालेल, जावईसुद्धा चालेल, पण परका नको. परक्याचं लक्ष रस्त्यावरच्या भांडणाकडे जातं, घरच्याचं जात नाही, असा त्यांचा अनुभव. म्हणून थोरलीचा धाकटा दीर रोज भावाबरोबर जायचा. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो शेंबडा पोर होता. तिच्याच हातचं खाऊन वाढला होता.

त्या दिवशीही धाकट्यानं डोळ्यांत तेल घालून दोर धरला होता. पण गटारातल्या विषारी वायूला आपला कोण आणि परका कोण? दोर एकाएकी जड झाला. धाकट्यानं ओरडत, रडत भावाला वर ओढलं, तोवर सगळं आटोपलं होतं.

या वेळी कोणीतरी फोटो काढला आणि तो देशभर गेला. शेजारच्या शिंप्याच्या दुकानात टीव्ही होता. तिथे उभं राहून घरच्यांनी देशाच्या प्रमुख नेत्यांचं निवेदन ऐकलं.

"त्या श्रमवीराला मी श्रद्धांजली वाहतो," नेते म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच दाटून आला होता. "त्याच्या कुटुंबाची मी मान झुकवून माफी मागतो. त्या घरातल्या एका व्यक्तीची सरकारी नोकरीत नेमणूक करण्यात येईल."

"एवढ्या मोठ्या माणसानं माफी मागायची म्हणजे खायचं काम नाही!" शिंपी म्हणाला.

थोरलीलाही तसंच वाटलं. आजवर त्यांच्या घराची माफी कोणी मागितली नव्हती, रस्त्यात धक्का लागला तरी उलट शिव्याच मिळत. तिला हुंदका आवरेना. नवरा गेला तो गेला, पण धाकटा तरी सुटला, असं तिच्या मनात आलं. कुठल्यातरी कचेरीत तो दारापाशी स्टुलावर बसेल, नाहीतर बागेत झाडांना पाणी घालेल. त्याचे कपडे घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांबरोबर धुता येतील.

नेमणूक झाली. खातं तेच, काम तेच, भावाच्या जागी भाऊ.

थोरली कचेरीत गेली. साहेब भला माणूस होता, त्यानं तिला बसायला सांगितलं.

"साहेब, या जागेनं त्याचा भाऊ खाल्लाय. दुसरं काहीही द्या. झाडू द्या, फरशी पुसायला द्या."

"बाई, नेते सरकारी नोकरी म्हणाले होते. ही सरकारीच आहे ना? आणि रिकामी जागा तेवढीच आहे."

साहेबाच्या मागे बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं, साहेबानंही मागे वळून पाहिलं, आणि मग तो कागद चाळू लागला.

घरी सासूबाई म्हणाल्या, "कायमची नोकरी आहे, लाथाडून खायचं काय?" धाकटा म्हणाला, "वहिनी, नाही म्हटलं तर आपल्याला दारात तरी कोण उभं करणार? आता हवेचं मशीन दिलंय. त्यातून आत ताजी हवा येते." खरंच, माफीनंतर एवढं मात्र झालं होतं. "फक्त दोर कोणी धरायचा?" त्यानं विचारलं.

घरात दुसरं उरलं होतं कोण? थोरली दोर धरू लागली.

पुढे चौकात मृत कामगारांचं स्मारक उभं राहिलं. नेते स्वतः फुलं वाहायला येणार होते आणि सासूबाईंना पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली होती. पण त्याच दिवशी चौकातलं गटार तुंबलं आणि काळं पाणी मंडपाच्या दिशेनं येऊ लागलं. मुकादम धापा टाकत घरी आला.

"आज याच्या भावाचाच कार्यक्रम आहे ना हो!" थोरली म्हणाली.

"म्हणून तर! भावाच्या कार्यक्रमात घाण नको ना?"

मंडपामागच्या बोळात कापडाचा आडोसा केला होता. आडोशाआड मशीन घरघरत होतं, धाकटा आत होता आणि थोरलीच्या हातात दोर होता. पलीकडून नेत्यांचा आवाज येत होता. मग सगळे उभे राहिल्याचा आवाज आला, आणि एक पोलीस घाईघाईनं आडोशाआड शिरला.

"ते मशीन बंद करा. श्रद्धांजलीची दोन मिनिटं शांतता आहे."

"बंद करू नका! आत माणूस आहे!"

"दोन मिनिटांनी काय होतंय? मेलेल्या माणसांचा मान ठेवा जरा." असं म्हणून त्यानं बटण दाबलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

बटण चार पावलांवर होतं, पण तिच्या हातात दोर होता. सोडायचा कसा? तिनं ओढायला सुरुवात केली. आतून झटका आला, मग दुसरा आला नाही, आणि दोर जड झाला.

"धरा रे कोणीतरी! माझा दीर आत आहे!"

टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती अशी ती शांतता. चौकातल्या प्रत्येकानं तिची हाक ऐकली. पण श्रद्धांजली चालू असताना हलणार कसं? माणसं माना खाली घालून उभी राहिली. काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. पहिल्या रांगेतून एक म्हातारी तेवढी उठली आणि खुर्च्या ढकलत, ठेचकाळत पळत आली. सुनेमागे उभं राहून तिनं दोराला हात घातला.

धाकटा वर आला तेव्हा बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता. सासूबाई त्याच्या तोंडावरचा चिखल आपल्या हातांनी पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ठळक अक्षरांत छापलं, 'श्रद्धांजलीत व्यत्यय'. नेत्यांनी पुन्हा निवेदन केलं. त्या बाईंच्या भावना आपण समजू शकतो आणि आपण त्यांना माफ केलं आहे, असं ते म्हणाले. त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं फार कौतुक झालं.

साहेबानं थोरलीला बोलावून एक कागद पुढे केला. "नेत्यांनी माफ केलंच आहे. तुम्ही फक्त माफीनाम्यावर सही करा, म्हणजे दिराची नेमणूक कायम राहील."

बाजूच्या बाकावर धाकटा खोकत बसला होता. "कर ना सही, वहिनी," तो हळूच म्हणाला. "दुसरं काय आहे आपल्याकडे?"

दुसरं काही नव्हतं, हे तिलाही कळत होतं. घरी गेल्यावर चुलीवर काय ठेवायचं तेही तिला माहीत नव्हतं. तिनं तो कागद साहेबाकडे परत सरकवला.

"मी हाक मारली, साहेब. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन. त्याची माफी नाही मागणार."

धाकटा कित्येक दिवस तिच्याशी बोलला नाही. सासूबाई बोलत होत्या, पण कामापुरतंच. धाकट्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर लगेच दुसऱ्या एका घरातल्या माणसाची नेमणूक झाली. तो आता रोज आत उतरतो. त्याच्याबद्दल अजून कोणाचं निवेदन आलेलं नाही, त्यावरून तो जिवंत असावा.