येण्याचं कारण

"स्वाभिमान हा राष्ट्राचा कणा असतो, आणि तो कोणाहीपुढे वाकता कामा नये!" नोंदणी कार्यालयातले मास्तर हे वाक्य फार सुंदर म्हणत. म्हणण्याआधी नदीकडची खिडकी तेवढी लावून घेत.

नदीपलीकडे थोरले राहत. त्या देशाला आमच्याकडे नावानं कोणी हाक मारत नसे. थोरले म्हटलं की सगळ्यांना कळे. आमची वीज त्यांच्याकडून यायची, गॅस त्यांच्याकडून यायचा, आणि आमच्या वर्तमानपत्रात एखादा शब्द जास्त झाला की दोन्हींची तांत्रिक दुरुस्ती निघायची. हिवाळ्यात निघालेली दुरुस्ती फार दिवस चालायची. त्यामुळे आमची मुलं बोलायला शिकायच्या आधी गप्प बसायला शिकत.

थोरल्यांनी डोंगरापलीकडच्या एका चिमुकल्या देशावर रणगाडे घातले, तेव्हा आम्ही म्हणालो, तिकडची हवा बिघडलीय. तोफा इथवर ऐकू येत.

"काल फार गडगडलं," वाणी म्हणायचा.

"पिकाला बरं," गिऱ्हाईक म्हणायचं, आणि साबण घेऊन निघून जायचं.

हळहळ वाटायची, नाही असं नाही. पण हळहळीच्या शेपटाला एक वाक्य हमखास असे : "बिचारे! पण थोरल्यांना चिडवायचं कशाला म्हणते मी? आम्ही राहतोच ना शेजारी?"

मग डोंगरातून माणसं यायला लागली. मास्तरांची खोली तिसऱ्या मजल्यावर; इमारतीची लिफ्ट सहा वर्षं बंद. रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत गेली. सगळ्यात पुढे पस्तिशीची एक बाई होती. पाठीवर अवजारांची पिशवी, हाताला धरलेले म्हातारे वडील. तिनं फॉर्म भरून दिला. धंदा : लिफ्ट दुरुस्ती. येण्याचं कारण : युद्ध.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शब्द तिथेच होता.

"बाई, हे नाही चालायचं."

"का? अक्षर लागत नाही?"

"लागतंय, तीच तर पंचाईत आहे. युद्ध म्हटलं की कोणी केलं, हे आलं. थोरल्यांनी तर अजून जाहीरसुद्धा केलेलं नाही. त्यांच्याआधी आम्ही कसं करायचं?"

"मग माझ्या घरावर पडलं ते काय होतं?"

"हवा," मास्तर सवयीनं म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

त्यांनी तिचा फॉर्म फाडला. आठ तुकडे केले आणि ते कोटाच्या खिशात टाकले, कारण कार्यालयाची कचऱ्याची टोपली कोण रिकामी करतं याची कोणालाच खात्री नव्हती. मग नवा फॉर्म घेऊन स्वतःच्या सुवाच्य हस्ताक्षरात लिहिलं : पर्यटन.

"निर्वासित म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पर्यटक सगळ्यांनाच हवा असतो. तुमच्या भल्यासाठीच करतोय मी."

"आणि बाबांचं?"

"त्यांचंही पर्यटन."

म्हाताऱ्याच्या एका पायात बूट होता, दुसऱ्याला टॉवेल गुंडाळलेला होता. त्यानं गंभीरपणे मान डोलावली.

"बरं. मग काय काय बघण्यासारखं आहे इथे?"

आठवडाभरात मास्तरांनी चारशे अकरा पर्यटकांची नोंद केली. साप मेला, काठीही शाबूत. आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी शूर केलं, असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटलं.

लिफ्टवाली आणि तिचे वडील मास्तरांच्याच मागच्या खोलीत राहिले. मास्तरांच्या बायकोनं पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं, "सहानुभूती आहे हो मला, पण ती ठेवायला खोली एकच आहे." पंधरा दिवसांनी ती पहिलं ताट म्हाताऱ्याला वाढत होती आणि नवऱ्याला "थांबा जरा" म्हणत होती.

लिफ्टवालीनं कार्यालयाची लिफ्ट एका दुपारी चालू केली.

"काय झालं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"दाराचा कॉन्टॅक्ट गेला होता. एवढासा." तिनं नख दाखवलं.

"अहो, आम्ही सहा वर्षं थोरल्यांना पत्रं पाठवतोय, नवी लिफ्ट द्या म्हणून!"

"मग? काय म्हणाले?"

"विचाराधीन."

ती पोट धरून हसली. तिला हसताना, डबा घेऊन आलेल्या मास्तरांच्या बायकोनं तेवढंच एकदा पाहिलं. त्याच संध्याकाळी भांडी पुसता पुसता लिफ्टवालीनं तिला सांगितलं की तिकडे रुग्णालयाची वीज तोडली तेव्हा तिनं मोटर हातानं फिरवून लिफ्टमधून जखमी खाली उतरवले होते. दोन दिवस. तिच्या जोडीला आणखी तिघं होती. थोरले शहरात शिरल्यावर त्या तिघांना चौकशीला नेलं.

"मग?"

"मग काही नाही. अजून चौकशीच चालू आहे."

हिवाळा संपत आला आणि थोरल्यांनी जाहीर केलं की डोंगरापलीकडचा देश आता त्यांच्या कुटुंबात सामील झाला आहे. पाठोपाठ आम्हाला पत्र आलं. इतकं गोड पत्र आम्हाला त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. "आमच्या नव्या कुटुंबीयांचा आपण इतके दिवस पाहुणचार केलात. त्यांची सहल फारच लांबली, आम्हाला संकोच वाटतो. शुक्रवारी सकाळी नऊ बसगाड्या पाठवत आहोत. यादी आपल्या नोंदवहीप्रमाणेच धरावी."

मास्तर धावत कार्यालयाच्या साहेबांकडे गेले.

"आपण काय करणार यात?" साहेब म्हणाले. "पर्यटक घरी जातात. निर्वासित असते तर गोष्ट वेगळी. निर्वासिताला परत धाडायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे."

"साहेब, ते निर्वासितच आहेत!"

"कुठे लिहिलंय?"

मास्तरांनी टेबलावरचं पेन उचललं.

"लिहितो मग आता."

"लिहा की. मात्र आधीच्या चारशे अकरा खोट्या नोंदी कोणाच्या हातच्या, तेही लिहा. आणि थंडी अजून महिनाभर आहे, मास्तर. गावात म्हातारी माणसं आहेत, तान्ही पोरं आहेत." साहेबांनी उठून खिडकी लावली. "मला काय वाईट वाटत नाही? पण पाण्यात राहून माशाशी वैर कोणी करायचं?"

घरी लिफ्टवाली वाट बघत बसली होती.

"मास्तर, मी लिहिलं होतं हो तिथे. माझ्या हातानं."

"फाडला मी तो."

"तुकडे ठेवले होते ना तुम्ही? खिशात?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं खाली पाहिलं. कोट धुवून दोन महिने झाले होते.

"फार शहाणे तुम्ही," बायको म्हणाली. "तुमच्या शहाणपणानंच घात केला पोरीचा."

पळून जा, असंही कोणी म्हणेना. मागे डोंगरात आता थोरले होते, पुढे नदी थोरल्यांची होती. मधे आम्ही होतो, आणि आम्ही कसे आहोत हे एव्हाना तिला कळलं होतं.

शुक्रवारी शाळेच्या आवारात नऊ गाड्या लागल्या. निरोप द्यायला सगळं गाव लोटलं. शिदोऱ्या, स्वेटर, मोजे. माणूस सुटकेचा निःश्वास टाकताना फार उदार होतो. यादी वाचली जात होती आणि एकेक पर्यटक चढत होता. "पुन्हा या हं!" कोणीतरी म्हणालं. सवयीनंच.

लिफ्टवाली आणि तिचे वडील शेवटच्या गाडीत बसले. तिनं मास्तरांच्या बायकोचा हात खिडकीतून धरला होता, तो पोलिसानं हळूच सोडवला.

आठ गाड्या गेल्या. नववी भिंतीशी तोंड करून उभी होती. मागे घेतल्याशिवाय तिला फाटकातून निघता येणार नव्हतं. आणि मास्तर गर्दीतून बाहेर आले. ते चालत गाडीच्या मागे गेले आणि फाटक अडवून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. चारशे अकरा नाही, निदान एक गाडी. वरच्या वर्गांच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. आमच्या गावात थोरल्यांच्या वाटेत आजवर कोणी उभं राहिलेलं नव्हतं.

ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवूनच खिडकीतून मान बाहेर काढली. झोप न झालेला, साधासा माणूस. मास्तरांना पाहून त्याचा चेहरा खुलला.

"बरं झालं काका, तुम्ही आलात. आरशात काही दिसत नाहीये मला. थोडं बाजूला होऊन तेवढा हात दाखवता का? गाडी मागे घ्यायचीय."