लाइटमामाचा डोळा

"आधी स्विच खाली, मग पट्ट्याला हात," लाइटमामा म्हणाला.

भाची गिरणीच्या चाकात तेल सोडत होती. तिने मान वर केली नाही. "हो रे मामा."

"हो रे नाही. करून दाखव."

"अरे, गिऱ्हाईक उभं आहे!"

गिऱ्हाईक म्हणजे शिंपीकाका आणि डबे कडेवर घेतलेल्या दोन बायका. भाचीची आई, अक्का, गेल्यापासून बंद पडलेली गिरणी आज पहिल्यांदा उघडली होती आणि मंडळी दळायला कमी, बघायला जास्त आली होती. काय बघायला, ते कुणी बोलत नव्हतं. जमीन धुतली होती, भिंतींना चुना लावला होता, मोटरीपासून जात्यापर्यंत जाणारा रुंद पट्टा नवा कोरा होता. तरी आत येणारं प्रत्येक माणूस त्या पट्ट्याला वळसा घालून जात होतं, तिथे कुणी झोपलेलं असावं तसं.

मेन स्विच दाराजवळच्या भिंतीवर होता. त्याच्या दांड्यावर कोळ्याने जाळं विणलं होतं. भाचीने सगळी गिरणी झाडली, तेवढं जाळं राहून गेलं. त्या दांड्याला हात लावायची या घरात कुणाला सवयच नव्हती.

"आईने कधी केला होता का तो खाली?" भाची म्हणाली. "तुझा डोळा असताना स्विच कशाला?"



हा डोळा काय ते सांगायला हवं. लाइटमामा गावाबाहेरच्या सबस्टेशनवर ऑपरेटर. शहराकडे जाणाऱ्या जाडजूड तारा गावाच्या डोक्यावरून जातात, पण गावात उतरत नाहीत. श्रीमंत नातेवाइकाने दारावरून जावं आणि हाकही मारू नये, तशा. गावाच्या वाट्याला एक बारीक लाइन. शहराला वीज अपुरी पडली की तिथल्या कंट्रोलरूममधून फोन येतो आणि लाइटमामा दांडा ओढून गाव बंद करतो. कंट्रोलच्या तोंडी गावाला नाव नाही, नंबर आहे. "सर, सहा नंबर घालवा," एवढं म्हटलं की गावातले पंखे थांबतात, आणि तिकडे शहरात जाहिरातींच्या पाट्या भर दिवसा झगमगत राहतात.

नोकरीला लागल्यापासून लाइटमामाने एक पद्धत पाडली होती. वीज घालवण्याआधी ती क्षणभरच घालवायची आणि लगेच परत द्यायची. दिवे एकदा मिचकायचे. मग जरा दम धरायचा आणि मग खरी घालवायची. तेवढ्या वेळात शिंपीकाका शिवण पुरी करायचे, दवाखान्यातली नर्स औषधांचा फ्रिज घट्ट लावून घ्यायची, अक्का जात्यातलं धान्य उतरवून घ्यायची. परत देतानाही तसंच, आधी मिचकावून मग कायमची. नियमांत हे कुठेच बसत नव्हतं. गावाने त्याला नाव ठेवलं, डोळा मारणं. "अख्ख्या गावाला डोळा मारतो आणि बायको काही म्हणत नाही, असा माझा भाऊ एकटाच," असं अक्का दळणाला आलेल्या बायांना सांगायची आणि स्वतःच जास्त हसायची.

डोळा न मारता वीज गेली, तर मग तो बिघाड. कुठे तार तुटली, कुठे खांब पडला. म्हणजे आता संध्याकाळपर्यंत नाव नको, हे गावात शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी अक्का खात्रीसाठी फोन करायची. हॅलो नाही, काही नाही, पिठाचा ठसका देत एकदम प्रश्न, "काय रे, गेली की घालवलीस?"

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी कंट्रोलमधून फोन नाही, ओरडाच आला. आत्ताच्या आत्ता घालवा, शहर बसतंय. डोळा मारायला उसंत मिळाली नाही. अक्काने फोन लावला असेल, पण लाइटमामाच्या कानाला कंट्रोल लागलेलं. तिने समजायचं ते समजून घेतलं, बिघाड. पट्टा बरेच दिवस घसरत होता, आता सवड आहे तर चढवून टाकू, म्हणून ती खाली बसली.

शहरात कुणाच्याच ध्यानात नव्हतं, की याच लाइनवर, गावापलीकडच्या मैदानात, मंत्री खेड्यांच्या विकासावर बोलत होते. ऐन वाक्यात कर्णे मुके झाले. मग शहराला घाम फुटला. ज्या गावासाठी आजवर कुणी धावलं नव्हतं, त्याला त्या दिवशी भाषणापुरती धावत-पळत वीज मिळाली. कानात शिव्या ऐकत लाइटमामाने डोळा न मारताच दांडा वर ढकलला. सबस्टेशन आणि गिरणी यांच्यामध्ये एकच शेत. गिरणीची घरघर सुरू झालेली त्याला ऐकू आली, आणि लगेच ती निराळीच झाली.

मंत्री मात्र वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे बोलले.

चौकशीला साहेब आले. गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून म्हणाले, "मेन स्विच चालूच होता ना? मग झालं तर." काच वर गेली. गाव पेटून उठलं. "बाई खाल्ली आणि वर तिचीच चूक!" लाइटमामाला कुणी चकार शब्दाने बोललं नाही. उलट शिंपीकाका खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू काय करणार? तू तर आपला माणूस."

तो हात त्याला अजून जड वाटतो. कारण साहेबांचा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला होता, फक्त दुसऱ्या टोकाने. स्विच चालू का होता? गावातला एकही स्विच खाली का जात नाही? इतकी वर्षं आपण माया केली, आणि त्या मायेने माणसांची सावध राहायची सवयच मोडली. ती माया ज्या दिवशी चुकली, त्या दिवशी अक्का पट्ट्यात हात घालून निवांत बसली होती.

हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. दांडा ओढला की गावाचा आवाज बसतो आणि सबस्टेशनवर जी शांतता पसरते, तिच्यात अक्का विचारते. भिववत नाही, रडत नाही. तीच थट्टा, तोच पिठाचा ठसका. "काय रे, गेली की घालवलीस?"

आणि महिन्यापूर्वी शहराने सबस्टेशनमध्ये एक करडं कपाट आणून बसवलं. आता दांडा ओढायला माणूस नको. शहरातली बोटं शहरात बसूनच गाव चालू-बंद करणार, आणि तो दिवस या आठवड्यातलाच कुठला तरी. कपाटाला डोळा मारता येत नाही.

"म्हणून सांगतो," लाइटमामा गिरणीत उभा राहून म्हणाला. "आजपासून डोळा बंद. उद्या मारणारं कुणी नसणार, मग आजच सवय लावा. लाइट गेली की ज्याने त्याने आपापला स्विच खाली करायचा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शिंपीकाकांनी डबा खाली ठेवला.

"बंद म्हणजे? तुझी बदली झाली का?"

"नाही."

"मग तू तिथेच असणार. तुझा हात शाबूत. मग डोळा मारायला काय धाड भरली?"

"काका, कपाट..."

"कपाट चालू होईल तेव्हा बघू! तोवर तरी मार. का साहेबांनी खुर्चीला गादी घालून दिली?" काका बायकांकडे वळले. "बघा. आपला, आपला म्हणून डोक्यावर घेतला, आणि निघाला त्यांचाच."

लाइटमामा भाचीकडे वळला. तिने तरी ऐकावं, बाकी गाव गेलं खड्ड्यात. "तू कर एकदा स्विच खाली. माझ्यासमोर."

"मामा," ती हळूच म्हणाली, "ही गिरणी परत सुरू करायला मला किती धीर गोळा करावा लागला, माहितीये? तू तिथे आहेस, एवढ्या एका भरवशावर आज इथे उभी आहे. आणि आजच तू म्हणतोस, माझ्यावर भरवसा ठेवू नको?"

"हो," तो म्हणाला. "तेच म्हणतोय."

तिने तेलाचा डबा आपटला. "जा मग. जा तुझ्या कामावर."

तो सायकलला टांग मारून निघाला. मागे गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला. ऊन मी म्हणत होतं.

दुपारी फोन वाजला. कंट्रोलमध्ये हल्ली एक मुलगी असते. आवाजावरून भाचीच्याच वयाची.

"सर, सहा नंबर घालवा. आणि सर, राग मानू नका, ते तुमचं आधी एकदा लुकलुकणं स्क्रीनवर दिसतं. वरून विचारतात मला."

"आज नाही दिसणार."

"थँक्यू सर." ती घुटमळली. "माझी आई चार नंबरात राहते. मीच घालवते तिची रोज. ती फोनवर मला शहराला शिव्या द्यायला सांगते."

"मग देता का?"

"देते की."

लाइटमामाला हसू आलं. मग त्याने दांड्यावर हात ठेवला. हाताला सवय होती, तो आपोआप थोडा ओढून परत सोडणार होता. त्याने दुसऱ्या हाताने पहिल्याचं मनगट धरलं आणि दांडा एका दमात खाली ओढला.

गिरणी घुमत घुमत थांबली. पंप थांबला. लाकडाच्या वखारीतली करवत लांब सूर काढून विझली. मग ती शांतता आली, आणि तिच्यात तिने विचारलंच.

"घालवली, अक्का," तो मोठ्याने म्हणाला. "मी घालवली."

टेबलावरचा मोबाइल वाजला. शिंपीकाका. "खरंच नाही मारलास रे! सुई कापडात अडकली, अर्धी बाही वाया गेली. तुझ्या तोंडाला..." पुढचं त्याने ऐकून घेतलं. गावाने दिलेली पहिली शिवी. इतक्या दिवसांनी कुणीतरी हिशोबाचं बोललं, असं वाटून त्याला जरा मोकळंच वाटलं.

मग त्याने भाचीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. रागावली असेल. हातात काही असेल. काय असेल हातात? नवा पट्टा पहिल्या दिवशी हमखास सैल पडतो, तो आता ओढून बसवावा लागणार. आईसारखीच आहे ती. सवड मिळाली की हातावर हात ठेवून बसणार नाही.

त्याने परत लावला. रिंग.

कंट्रोलचा फोन वाजला. "सर, इकडे कारखान्याची सुट्टी झाली, वीज उरतेय. सहा नंबर परत देते."

"थांबा. मी सांगतो तेव्हा. मला गिरणीत जाऊन यायचंय."

"सर, तुम्हाला काहीच करायचं नाही. कपाट आत्ताच जोडलंय, साहेब इथे शेजारी उभे आहेत. पहिलीच वेळ आहे, इथूनच होतं."

"बाई, ऐका माझं. तिथे माझी भाची पट्ट्यात..."

"काय सर? आवाज तुटतोय."

करड्या कपाटात काहीतरी खटकन बसलं. कुणी हात लावला नव्हता. लाइटमामा दांड्याकडे धावला, पण दांड्याला आता विचारतं कोण.

वखारीतली करवत किंचाळून उठली. पंप धडधडू लागला. कुठल्याशा घरात कुणी मोठा करून ठेवलेला रेडिओ एकदम गाऊ लागला. दवाखाना, शाळेची पाण्याची टाकी, दुकानांतले पंखे, सगळं गाव एका झटक्यात जागं झालं.

गिरणी नाही.

 अक्काच्या गिरणीचा आवाज त्याला हजार आवाजांत ओळखू आला असता. तिची मोटर थेट लाइनवर होती, स्विच वर असता तर तीही करवतीबरोबरच उठली असती. शेतावरून वाऱ्याबरोबर रेडिओचं गाणं येत होतं, करवत येत होती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेत भाची होती. हात पट्ट्यात असतील, तोंडाने मामाला शिव्या घालत असेल, आणि बाहेर लाइट आली हे आत तिच्या गावीही नसेल.

फोनवर मुलगी विचारत होती, "सर? सहा नंबर आला का? सर, आहात ना?"

 त्याने फोन तसाच टेबलावर आडवा ठेवला, खिडकीशी स्टूल ओढलं आणि बसला.

बऱ्याच वेळाने, बाकीच्या गावाला सुरू होऊन जुनं झाल्यावर, गिरणी सुरू झाली. घरघर एकसारखी होती. लाइटमामा दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून, शिंपीकाकांचं दळण पुरं होईपर्यंत, ऐकत बसला.